धुराचे तोंड

केळीला झाड म्हणणे बरोबर नाही, हे मी पाचवीच्या वर्गाला दरवर्षी सांगत असे. ज्याला आपण खोड समजतो ते पानांच्या देठांचे एकात एक बसलेले पापुद्रे असतात. त्यात लाकूड नसते. म्हणून जोराच्या वाऱ्यात केळ वाकत नाही, मोडते. शाहपूरकडून येणारी मुले हे ऐकून एकमेकांकडे पाहत, कारण त्यांना ते माझ्याआधी ठाऊक असे. तरीही मी सांगत असे. ठाऊक असलेली गोष्ट नीट वाक्यात मांडता येणे हाही शिक्षणाचाच भाग आहे, असे मला वाटते.

मी बऱ्हाणपूरच्या मराठी शाळेत भूगोल शिकवला. माझे यजमान कागदाच्या कारखान्यात नोकरीला होते. आता आम्ही दोघेही निवृत्त असून शहरातल्या बुधवारा पेठेत राहतो. यजमानांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे दीर, शाहपूरजवळची घरची शेती पाहतात. शेती म्हणजे केळी, आणि एका कडेला थोडा कापूस. अलीकडच्या वर्षांत त्यांनी बागेच्या तोंडाशी पत्र्याची एक मोठी शेड उभारली आहे. तिथे केळीचे घड आणून फण्या वेगळ्या करतात, पाण्याच्या टाक्यात धुतात, वाळवून खोक्यांत भरतात. शेडच्या एका अंगाला छोटी कोल्ड रूम आहे. ही खोकी पुढे थंड कंटेनरमधून बंदरावर आणि तिथून जहाजाने आखाताच्या बाजूला जातात. केळी हिरवीच निघाली पाहिजेत आणि हिरवीच उतरली पाहिजेत. या धंद्याचा पहिला आणि शेवटचा नियम तेवढाच.

मी सांगते आहे ती गोष्ट अलीकडच्याच एका चैत्रातली आहे. त्या वर्षी ऊन लवकर चढले होते. एका सकाळी दिरांचा फोन आला.

"वहिनी, दोन दिवस इकडे येऊन जा ना. बाहेरदेशचा पाहुणा येतोय माल बघायला. व्यापाऱ्याचा पोरगा इंग्रजी बोलायचा, तो बुखारात पडला. आमचं इंग्रजी तुम्हाला माहीतच आहे."

"कोणत्या देशाचा?" मी विचारले.

"बसऱ्याचा म्हणे."

मला गंमत वाटली. आमच्या भागात पूर्वी जी बुटकी केळ सर्रास लावत, तिला बसराई म्हणत. हे नाव बसऱ्यावरून आले की नाही, हे मला आजही खात्रीने सांगता येणार नाही. आता ती मागे पडली असून नव्या जातीची रोपे प्रयोगशाळेतून येतात. पण बसऱ्याहून कुणी शाहपूरला केळी बघायला येतो आहे, ही गोष्ट भूगोलाच्या शिक्षिकेला घरी बसू देणारी नव्हती. मी दुपारच्या आत शाहपूरला पोहोचले.

शेडमध्ये मला माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. आता ती चाळिशीला आली आहे. तिचे सासर मूळचे भुसावळकडचे. नवरा कारखान्यात कामाला आहे, आणि दिरांच्या बागेला लागून तिने स्वतःच्या हिमतीवर एक लहान तुकडा केळीखाली आणला आहे. परदेशी जाणारा तिचा हा पहिलाच माल होता. तिची स्वतःची शेड नव्हती, म्हणून दिरांनी तिला त्यांच्याच शेडमध्ये खोकी भरायला दिली होती. प्रत्येक खोक्यावर बागेचा क्रमांक चिकटवावा लागतो. तिच्या बागेचा नवा क्रमांक तिने मला एका खोक्यावर बोट ठेवून दाखवला.

"बाई, हा माझा. हा एकदा तिकडं पास झाला की पुढच्या साली व्यापारी स्वतः विचारत येतो. नापास झाला तर मग लोकलची मंडी, आणि नवरा म्हणतो तसं जमीन बटाईनं देऊन टाकायची, घरी बसायचं."

"आणि तुला घरी बसायचे नाही."

"तुम्ही शिकवलेलं सगळं विसरले, पण घरी बसायचं काही शिकवलं नव्हतं तुम्ही," ती म्हणाली आणि हसली.

कोल्ड रूम दिरांच्या मालाने भरली होती. शेड ज्याची, त्याचा माल आधी आत; अशी तिथली रीत आहे आणि तिच्यात कुणाला काही वावगे वाटत नव्हते. तिची खोकी शेडच्या मागच्या पडवीत रचलेली होती. त्यांवर तिने ओली बारदाने अंथरली होती आणि ती वाळली की पुन्हा भिजवत होती. कंटेनर त्याच संध्याकाळी येणार होता, त्यामुळे काही तासांचाच प्रश्न होता.

पाहुणा आला तेव्हा लाइट गेलेली होती. कोल्ड रूम बंद पडू नये म्हणून जनरेटर चालू होता. तो शेडच्या कडेला, अंगण आणि मागची पडवी यांच्यामध्ये एका चौथऱ्यावर बसवलेला आहे. अंगणात लिंबाखाली खुर्च्या मांडल्या होत्या, आणि जनरेटरच्या पाइपाचे तोंड नेमके त्या बाजूला होते. पाहुणा खुर्चीवर बसला आणि खोकू लागला. दिरांना फार ओशाळल्यासारखे झाले.

"अरे, पाहुण्याच्या तोंडावर धूर? पाइप फिरवा तिकडं मागं."

पाइपाचा शेवटचा तुकडा वाकडा असून पट्टी सैल केली की फिरतो. पण तो तापलेला होता. माझी विद्यार्थिनीच पुढे झाली. तिने खोक्यांवरचे एक ओले बारदान आणले, त्याने पाइप धरला आणि तोंड मागे वळवले. अंगणातली हवा लगेच स्वच्छ झाली. पाहुण्याने तिला मान लववून धन्यवाद दिले. मीही पदर नाकावरून खाली घेतला आणि मला बरे वाटले, हे इथे नमूद केले पाहिजे.

पाहुणा साठीकडे झुकलेला, उंच, कामात फार काटेकोर गृहस्थ होता. त्याचे इंग्रजी सावकाश आणि नीटनेटके होते. चहा त्याला घट्ट आणि अतिगोड लागे. माझ्या जाऊबाईंनी पहिल्या कपात साखर बेताने घातली तेव्हा त्याने तो अत्यंत सभ्यपणे तसाच ठेवला होता. खिशात फळाच्या गरात खुपसून उष्णता मोजायची एक सळई होती आणि ती तो वापरण्याआधी व वापरल्यानंतर रुमालाने पुसे.

ऊन उतरल्यावर आम्ही बागेत गेलो. दिरांनी त्याला घडांवर घातलेल्या पिशव्या दाखवल्या, वाऱ्याला आड म्हणून पश्चिमेला लावलेली शेवरी दाखवली. काही घडांवर त्यांनी वाळलेली पाने बांधली होती, कारण उघड्या घडाच्या वरच्या फण्या उन्हाने भाजून काळ्या पडतात. दोन वर्षे ओळीने वैशाखात वादळ झाले होते आणि अर्धी बाग आडवी झाली होती, हेही त्यांनी सांगितले. मी वाक्यामागून वाक्य इंग्रजीत नेत होते. मग ते म्हणाले,

"वहिनी, आता त्यांना एक विचारा. तेल तुमचं आणि उन्हाळा आमचा, हा कोणता न्याय?"

"हे विचारू?" मी म्हटले.

"विचारा ना. पाहुणा आहे, पण व्यापारी पण आहे. व्यापाऱ्याला कशाचं वाईट वाटतं?"

मी विचारले. पाहुणा थांबला, हसला, आणि शेडच्या दिशेने हात करून म्हणाला, "त्यांना विचारा, त्या जनरेटरमध्ये काय ओतता?"

"ते आम्ही पैसे देऊन घेतो," दीर म्हणाले.

"आम्हीही पैसे घेऊनच देतो. तेलाची किंमत ठरली. धुराची कुणी ठरवली?"

दिरांनी माझ्याकडे पाहिले. "माणूस तयारीचा दिसतो," ते म्हणाले. हे मी भाषांतरित केले नाही, पण पाहुण्याला ते कळले असावे.

चालता चालता त्याने स्वतःविषयी सांगितले. त्याच्या वडिलांची नदीकाठी खजुराची बाग होती. ती नदी मी वर्षानुवर्षे नकाशावर दाखवली होती: दोन नद्या एकत्र होतात, आणि त्यांचा एक प्रवाह आखाताला मिळतो. नदीला वरून येणारे गोडे पाणी कमी झाले, की समुद्राचे खारे पाणी उलटे आत चढते. तसे ते चढले. वर्षामागून वर्ष खजुराचे शेंडे वाळले आणि बाग गेली. त्याच सुमारास गावाजवळच्या विहिरींतून तेल वाढू लागले. तेलाबरोबर वायूही वर येतो. तो गोळा करण्याची सोय नसेल तर तोंडाशीच पेटवून देतात. मी फळ्यावर तेलविहिरीचे चित्र काढत असे, त्यात मनोरा असे, पंप असे, नळ असे. ती ज्योत नसे, कारण पुस्तकातल्या चित्रात ती नव्हती. पाहुण्याच्या गावात ती बारा महिने दिसते.

"आणि उन्हाळ्यात आमच्याकडेही वीज जाते," तो म्हणाला. "गल्लीगल्लीत जनरेटर असतो. तेलावर बसलेल्या गावात लोक दिवसभर जनरेटरचा आवाज ऐकतात."

हे मी दिरांना सांगितले तेव्हा ते चालायचे थांबले. "मतलब, यांच्याकडंपण लाइट नसते?"

"नसते म्हणतात."

"मग तेल जातं कुठं?"

हा प्रश्न मी जसाच्या तसा पुढे पोहोचवला. पाहुणा बराच वेळ बोलला. त्याचा मथितार्थ असा होता. तेल जहाजाने जाते. ज्यांनी शंभर-सव्वाशे वर्षे कोळसा आणि तेल मनसोक्त जाळून रस्ते, दवाखाने, शाळा बांधून घेतल्या, तेच आता म्हणतात की तुमचे उरलेले तेल जमिनीतच राहू द्या. त्यांचे म्हणणे शास्त्राच्या दृष्टीने खोटे नाही. पण त्याच्या वडिलांची बाग वाळली तेव्हा कुणी विचारायला आले नव्हते. त्याचा भाऊ तेलविहिरीवर नोकरीला आहे आणि त्याच्यावर मोठे कुटुंब पोसले जाते. पाहुण्याची स्वतःची मुलगी कॉलेजात शिकते. ती त्या भावाला म्हणते, काका, ती विहीर बंद व्हायला हवी.

"मग हे कुणाच्या बाजूचे?" दिरांनी विचारले.

"जेवायला मी त्या दोघांच्या मध्ये बसतो," पाहुणा म्हणाला, "म्हणजे ताटे एकमेकांवर येत नाहीत."

दीर मोठ्याने हसले. मी वर्गात असे प्रश्न शिकवताना फळ्यावर दोन रकाने करत असे: एकीकडे कारणे, दुसरीकडे परिणाम. मुले ते उतरवून घेत. रकान्यांची अडचण अशी, की कोणते कारण कुणाचे आणि कोणता परिणाम कुणाचा, हे त्यांत लिहायला जागा नसते. तापमान वाढले, असे आपण कर्त्याशिवायचे वाक्य लिहितो आणि पुढे जातो. त्या संध्याकाळी बागेतून परत येताना मी या वाक्याचा विचार करत होते, एवढे आठवते. त्याचे उत्तर शेडच्या मागेच तयार होत आहे, याची मला कल्पना नव्हती.

कंटेनर त्या संध्याकाळी आला नाही. वाटेत त्याचे थंड करणारे यंत्र बिघडले होते. दुसरा येईपर्यंत थांबावे लागणार होते. पाहुणा बऱ्हाणपूरच्या लॉजवर उतरला आणि मी दिरांकडे राहिले. दुसरा दिवसही तसाच गेला. लाइट येत होती, जात होती, आणि जनरेटर दिवसाचा बराच भाग चालत होता. पाइपाचे तोंड परत कुणी फिरवले नाही. अंगणात कुणाला त्रास होत नव्हता. मग ते कुणाच्या ध्यानात राहणार? माझी विद्यार्थिनी पुन्हा पुन्हा येऊन बारदाने भिजवून जात होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी कंटेनर आला. पाहुण्याने आधी कोल्ड रूममधली काही खोकी उघडून पाहिली. फळे हिरवीगार होती. मग तो पडवीत गेला. त्याने एक खोके उघडले, फणी उचलून उजेडात धरली, सळई खुपसली, पुसली, आणि दुसरे खोके उघडले. मग तिसरे. फण्यांच्या मानेशी हिरव्याचा पिवळट झाला होता. भिंतीलगतच्या खोक्यांत तर दोन-दोन फळे सरळ पिकू लागली होती.

"ही जाणार नाहीत," तो मला म्हणाला. "एक पिकलेले खोके बाकीच्यांना पिकवते. सांगा त्यांना."

मला सांगावे लागले नाही. तिने फळ पाहिले होते. ती खाली बसली आणि बारदानाची घडी घालू लागली, उलगडू लागली.

"उन्हानं झालं," दीर म्हणाले. "दोन दिवस बाहेर होती ना. कंटेनरवाल्याची चूक."

"ऊन सगळ्या खोक्यांना सारखंच लागलं, भाऊ," ती म्हणाली. "भिंतीकडची जास्त पिकली. भिंतीच्या मागं काय आहे?"

पडवीच्या त्या भिंतीत वर जाळीचे झरोके आहेत. त्यांच्या खालीच, बाहेरच्या अंगाला, पाइपाचे तोंड होते. सगळे माझ्याकडे पाहू लागले, कारण शाळेतल्या बाईंना विचारून टाकावे अशी एक सवय आमच्याकडे आहे.

मी सांगितले ते असे. फळ पिकू लागले की ते स्वतः एक वायू सोडते, त्याला इथिलीन म्हणतात. त्यानेच शेजारची फळे पिकतात. धुरातही हाच वायू असतो. पूर्वी आपल्याकडे बंद खोलीत गोवऱ्यांचा धूर करून केळी पिकवत, ते याच कारणाने.

"गोवऱ्यांचा धूर वेगळा," दीर म्हणाले. "तो पिकवायचा धूर. हा डिझेलचा."

"केळीला तो फरक कळत नाही," मी म्हटले.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाचे मर्म इथे होते. धुराने केळी पिकते, हे त्या अंगणातल्या प्रत्येकाला लहानपणापासून माहीत होते. ते ज्यांना माहीत नाही त्यांच्या हातून ही चूक झाली असती तर ती अज्ञानाची म्हणता आली असती. आमच्याकडे धूर म्हणजे गोवरीचा. मशिनीतून निघतो तो नुसता मशिनीचा वास. त्यामुळे जाणती माणसे दोन दिवस धूर देत राहिली आणि आपण धूर देतो आहोत हे त्यांना कळले नाही.

"पण पाइप मी एकट्यानं फिरवला का?" दीर म्हणाले. "मी म्हटलं फक्त. हिनंच धरून फिरवला. पाहुणा खोकत होता. लाइट सरकारची, गाडी व्यापाऱ्याची. सगळं माझ्यावर कसं येईल?"

"मी तुमच्यावर काही म्हटलं नाही, भाऊ," ती म्हणाली.

"तेच तर. म्हटलं असतंस तर भांडता आलं असतं."

माझ्या जाऊबाई इतका वेळ टाक्यापाशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्या हात पुसत पुढे आल्या. "भांडायला मी आहे ना," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "जनरेटर कुणासाठी चालू होता ते सांगा. आत कुणाची केळी थंड पडली होती? तुमची. धूर कुणाच्या केळीला लागला? तिच्या. पाहुण्याच्या नाकाला लागू नये म्हणून पोरीच्या पोटाला दिला तुम्ही."

पाहुण्याने मला हळूच विचारले, "त्या काय म्हणाल्या?" मी शब्दशः सांगितले. त्याने मान हलवली आणि सळई पुन्हा एकदा पुसली, जरी ती स्वच्छ होती.

दिरांना राग आला होता, पण ते अन्यायी गृहस्थ नाहीत. थोड्या वेळाने ते म्हणाले, "बरं. ऐक पोरी. माझी हिरवी खोकी आहेत आत. तुझी जेवढी, तेवढ्यांवर तुझा नंबर चिकटवू. पिवळा माल मी मंडीत काढतो. झालं?"

मला वाटले, प्रश्न सुटला. ती मात्र उठून उभी राहिली.

"नाही, भाऊ. माझ्या नंबरात तुमची केळी गेली तर तिकडं पास काय झालं? तुमची बाग. माझी बाग कुणी बघितलीच नाही."

"अगं, पैसे तर तुला मिळतील."

"पैसे मिळतील, आणि पुढच्या साली मी पुन्हा पडवीत." मग तिने स्वर खाली आणला. "माझ्या बागेत वरच्या अंगाला अजून घड आहेत, परवा कापणार होते ते. आज कापते. मला कोल्ड रूममध्ये जागा पाहिजे. आणि गाडीत."

आता हिशेब सोपा होता आणि म्हणूनच अवघड होता. कोल्ड रूममध्ये तिची खोकी आत जायची तर दिरांची तेवढी बाहेर आली पाहिजेत. गाडीतली जागाही मोजकी. दिरांचा तेवढा माल मागे राहिला तर तो बऱ्हाणपूरच्या मंडीत मिळेल त्या भावाने जाणार. शिवाय झाडावरून उतरलेले फळ आतून तापलेले असते. ते पुरेसे थंड झाल्याशिवाय पाहुणा घेणार नव्हता. मी त्याला विचारले, किती वेळ थांबता येईल? तो म्हणाला, दिवस मावळेपर्यंत. त्यानंतर जहाज चुकेल. आणि माल कुणाचा घ्यायचा हे तो सांगणार नाही. जे हिरवे आणि थंड असेल ते तो घेईल.

दीर कोल्ड रूमच्या दारापर्यंत गेले आणि तिथे दाराच्या कडीला हात लावून उभे राहिले. ती शेड त्यांनी स्वतःच्या कष्टातून बांधली होती. ते तिला म्हणू शकले असते की जागा माझी आहे, आणि ते खरेच ठरले असते. त्यांच्या मनात काय चालले होते ते मला माहीत नाही. ते वळून म्हणाले ते एवढेच,

"घड उतरवायला माणसं किती आहेत तुझ्याकडं?"

"दोघं."

"दोघांनी दिवस मावळेल. माझी घेऊन जा."

त्यानंतरची दुपार घाईची होती, पण आरडाओरडा नव्हता. केळीचा घड जमिनीवर टेकू द्यायचा नसतो. एकाने कापायचा आणि दुसऱ्याने खांद्यावर झेलायचा. दीर स्वतः खांद्यावर गादी टाकून घड वाहत होते. जाऊबाई आणि मी फण्या धुतल्या. पिवळा माल मंडीकडे गेला, दिरांची खोकी बाहेर निघाली, तिची आत गेली. तिने प्रत्येक खोक्यावर आपला क्रमांक स्वतः चिकटवला. दुसऱ्या कुणाला चिकटवू दिला नाही.

आणि मग अपेक्षेप्रमाणे लाइट गेली.

जनरेटर सुरू करावाच लागणार होता, कारण आता आत तिचा माल होता. दिरांची बाहेर काढलेली खोकी पडवीत, त्याच भिंतीला लागून होती. माझी विद्यार्थिनी जनरेटरपाशी गेली, तिने ओल्या बारदानाने पाइप धरला आणि त्याचे तोंड अंगणाकडे केले. मग तिने पाहुण्याकडे पाहिले आणि मला म्हणाली,

"बाई, त्यांना सांगा, माफ करा म्हणावं. पण तिकडं केळी आहेत."

मी सांगितले. पाहुण्याने खुर्ची थोडी बाजूला ओढली, खिशातून दुसरा स्वच्छ रुमाल काढून नाकाला लावला आणि दुसऱ्या हाताने चहाचा कप उचलला. आम्ही सगळे त्या धुरात बसून राहिलो. दीर खोकले, जाऊबाई खोकल्या, मीही खोकले. "आता न्याय झाला," जाऊबाई म्हणाल्या, "सगळ्यांना सारखा."

ऊन कलताना पाहुणा आत गेला. त्याने तिच्या एका खोक्यात सळई खुपसली आणि मान हलवून बाहेर आला, अजून नाही. पुन्हा थोड्या वेळाने गेला. ती दारापाशी उभी होती आणि प्रत्येक वेळी त्याच्या चेहऱ्याकडे न पाहता सळईकडे पाहत होती. तिसऱ्या खेपेला त्याने सळई पुसून खिशात टाकली आणि ड्रायव्हरला गाडी मागे घ्यायची खूण केली. मागच्या रांगांतली, म्हणजे शेवटी भरलेली थोडी खोकी त्याने घेतली नाहीत. ती आत कोमटच होती. बाकीची तिच्या क्रमांकानिशी गाडीत चढली.

गाडी गेल्यावर दीर तिला म्हणाले, "झालं ना मनासारखं?"

"झालं, भाऊ. तुमचे उपकार आहेत." मग तिने पदर खोचला आणि म्हणाली, "पण पुढच्या वेळी उपकार नको. आत कोण आणि बाहेर कोण, ते कापणीच्या आधी ठरवू. जागेचं भाडं मी देईन."

दिरांनी माझ्याकडे पाहिले. "वहिनी, हे पण तुम्हीच शिकवलं का?"

"नाही," मी म्हटले. "हे पुस्तकात नव्हते."

तिची केळी हिरवीच उतरली, असा निरोप पुढे व्यापाऱ्याकडून आला. पाहुण्याने तिच्या क्रमांकाचा माल पुन्हा मागितला आहे. जमीन बटाईने देण्याचा विषय तिच्या घरात आता निघत नाही. शेडमध्ये मात्र नवा नियम झाला: ज्याचे घड आधी उतरतील त्याची खोकी आधी आत. तेलाचे आणि उन्हाळ्याचे मोठे भांडण यामुळे जागचे हललेले नाही, हे मला माहीत आहे. पाहुण्याच्या गावची ज्योत पेटतच असेल, आणि आमच्याकडेही पुढचा वैशाख यायचा तसा येईल.

मध्यंतरी मी पुन्हा शाहपूरला गेले होते. त्या खेपेला तिने आधी कापणी केली होती, म्हणून तिचा माल आत होता आणि दिरांची खोकी पडवीत होती. लाइट गेली. जनरेटर सुरू झाला. दीर चहा अर्धा टाकून उठले, शेडला वळसा घालून मागे गेले आणि धूर कुठे जातो आहे ते पाहत बराच वेळ तिथेच उभे राहिले. परत आले ते मोबाइल कानाला लावूनच. पाइप पत्र्याच्या वर किती उंच नेता येईल, हे ते लोहाराला विचारत होते.